लाइट किती वाजता येईल?

वीजकंपनीबद्दल कुणी लिहायला बसलं की बहुतेक वेळा बिलाबद्दल लिहितं. मी बिलाबद्दल लिहिणार नाही. लाइट गेल्यानंतर ती परत येईपर्यंत कंपनी आपल्याशी कशी वागते, तेवढ्याच सेवेबद्दल मला लिहायचंय. गेल्या जूनपासून मी ती फार जवळून पाहिली आहे.

मुंबईत आपल्याला वीज देणारे चौघं. शहरात मुख्यतः बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. माझ्या घरी कोणाची वीज येते ते लिहीत नाही. लाइट गेल्यावर काय करायचं, याचे नियम चौघांनाही एकच आहेत, आणि ज्यांनी मला मदत केली त्या माणसांची नोकरी त्याच कंपनीत आहे.

मी गोरेगावात राहते. चार मजल्यांची जुनी सोसायटी, आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट आहे, जनरेटर नाही. घरात मी आणि माझे बाबा. बाबा ८१ वर्षांचे आहेत. परळच्या एका कापड गिरणीच्या इलेक्ट्रिक खात्यात त्यांनी वायरमन म्हणून जन्म काढला. फुप्फुसांच्या आजारामुळे दीड वर्षापासून त्यांना बराच वेळ ऑक्सिजन लागतो. पलंगाच्या उशाशी कॉन्सन्ट्रेटर असतो, हवेतूनच ऑक्सिजन गाळून देणारं मशीन. ते विजेवर चालतं. त्याचा घरघर आवाज आता आम्हाला ऐकूच येत नाही, तो थांबला की मात्र दोघंही दचकतो.

त्या रात्री तो ९.४० ला थांबला. संध्याकाळपासून पाऊस लागला होता, मोसमातला पहिला मोठा पाऊस. दोन सेकंदांत इन्व्हर्टरने मशीन पुन्हा सुरू केलं. बाबा अंधारात म्हणाले, "गॅलरीतून बघ गं, समोर आहे का?" समोरच्या बिल्डिंगी उजळलेल्या होत्या. आमची आणि शेजारच्या दोन काळोखात. "मग वरचं काही नाही," बाबा म्हणाले. "आपल्याच लाइनीत झालंय काहीतरी."

९.४६ ला फोन लावला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज, मग ग्राहक क्रमांक दाबा, मग पुन्हा आवाज: आपल्या भागातील बिघाडाची नोंद झाली आहे, वीजपुरवठा लवकरच सुरळीत होईल. मी फोन सोडला नाही. शेवटी एक मुलगी बोलली. आवाजावरून वयाने लहान असावी, पण बोलायला अतिशय सौजन्याची. टीम निघाली आहे म्हणाली. मी विचारलं, "किती वाजता येईल लाइट?" ती म्हणाली, "लवकरात लवकर, मॅडम." मी म्हटलं, "घरात ऑक्सिजनवरचा माणूस आहे, मला अंदाज हवाय. बारा? दोन? सकाळ?" ती जरा थांबली. मग म्हणाली, "मी तसा रिमार्क टाकते, मॅडम." तिच्या हातात त्याहून जास्त काही नव्हतं, हे मला कळत होतं. ९.५८ ला मेसेज आला. तक्रार क्रमांक आणि पुन्हा तोच शब्द, लवकरच.

मी अंदाजाचा हट्ट का धरला ते सांगते. आमचा इन्व्हर्टर १५० ॲम्पिअर-अवरच्या एका बॅटरीवर चालतो. बारा व्होल्टने गुणलं तर १८०० वॅट-अवर. कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट ओढतो. कागदावर पाच तास निघतात. इन्व्हर्टरच स्वतः काही खातो, बॅटरी तीन वर्षं जुनी, त्यामुळे हातात धरायचे तीन, फार तर साडेतीन तास. पंखे, दिवे सगळं बंद ठेवून. म्हणजे रात्री एकपर्यंत आमची सोय होती.

लाइट बारापर्यंत येणार असेल तर मी फक्त बसून राहायचं. सकाळी येणार असेल तर दहाच्या आत सिलिंडर शोधायला निघायचं, नाहीतर बाबांना खुर्चीत बसवून, चार माणसं बोलावून, तीन मजले उतरवून हॉस्पिटलात न्यायचं, आणि तेही मशीन चालू आहे तोवर. ८१ वर्षांच्या माणसाला पावसात, अंधाऱ्या जिन्यातून उगाच उतरवायचं नसतं. उतरवायचंच असेल तर उशीर करायचा नसतो. "लवकरच" या शब्दावर यातला एकही निर्णय घेता येत नाही. डॉक्टरांनी औषध लिहून द्यावं आणि दिवसातून किती वेळा घ्यायचं ते सांगू नये, तसं ते झालं.

१०.३५ ला दोघं आले. अंगात रेनकोट, एकाच्या खांद्याला शिडी. त्यांनी आमची मीटर केबिन उघडून घेतली, कट-आउट तपासले. फ्यूज शाबूत होते. मग गेटाबाहेरच्या पिलरकडे, म्हणजे रस्त्यावरच्या वीजपेटीकडे गेले, दार उघडून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ बघत राहिले. मी छत्री घेऊन खालीच उभी होते. त्यातले वयाने मोठे होते ते माझ्याजवळ आले. मी म्हटलं, "दादा, वर माझे वडील ऑक्सिजनवर आहेत. मला खरं सांगा." ते म्हणाले, "ताई, केबल गेलीय. आता केबलवाल्यांची गाडी येणार, फॉल्ट शोधणार, मग खड्डा मारायचा, मग जॉइंट. तुम्ही सकाळच धरा. पण मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नका."

त्या रात्री कंपनीकडून मला मिळालेली सर्वांत मोलाची गोष्ट ती. एका माणसाने, स्वतःला बोल लागेल हे माहीत असूनही, मला वेळ सांगितली.

मी वर धावले. भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, मागच्या गल्लीतल्या काकांकडे सिलिंडर आहे." त्या काकांच्या पत्नी कोविडमध्ये गेल्या. त्यांच्यासाठी आणलेला लहान सिलिंडर काकांनी ठेवून दिला होता, आणि मधे मधे कुणाला लागला तर भरून देत होते. ११.१५ ला ते स्वतः रिक्षा करून घेऊन आले. ज्याला दुकानदार बी-टाइप म्हणतात तो, भरलेला असला तर साधारण १५०० लिटर. बाबांना मिनिटाला दोन लिटर लागतो, म्हणजे बारा तास. काटा पाऊणच्या वर होता, म्हणजे नऊ तासांची निश्चिती. मी पाण्याचा घोट घेतला तो तेव्हा.

१.२० ला केबलची गाडी आली. थोड्या वेळाने रस्त्याखालून धप्प असा आवाज आला. मग चार-पाच सेकंदांनी पुन्हा धप्प. मी घाबरले, बाबांच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक दिवसांत न पाहिलेली टवटवी आली. "मारतायत बघ," म्हणाले. त्यांनीच मग मला समजावलं. गाडीतल्या यंत्रातून केबलमध्ये मोठ्या दाबाचा विजेचा झटका सोडतात. केबल जिथे फुटली असेल तिथे जमिनीखाली ठिणगी उडते आणि तो धप्प आवाज होतो. एक माणूस कानाला यंत्र लावून फुटपाथवर पावलापावलाने फिरतो, आवाज सर्वांत मोठा असेल तिथे खूण करतो. तिथेच खणायचं. "आवाज मोठा आहे," बाबा म्हणाले, "म्हणजे लांब नाही." खरंच लांब नव्हतं. आमच्या गेटापासून शंभरएक पावलांवर, गुलमोहराखाली.

पहिल्या पावसातच असं का होतं, तेही त्यांनी सांगितलं. जमिनीखालची केबल सलग नसते, जागोजाग जोडलेली असते. वर्षभर कुणी ना कुणी रस्ता खणतं, पाण्याची लाइन, गॅस, इंटरनेट. कुदळीचा एक निसटता घाव केबलच्या कवचाला लागतो, किंवा जुना जॉइंट सैल पडतो. उन्हाळाभर काही होत नाही. पहिलं पाणी मुरलं की ओल आत जाते आणि केबल उडते. म्हणजे जूनच्या बिघाडाचं कारण पुष्कळदा जानेवारीतल्या खोदाईत असतं.

पहाटे तीनला मी चहा घेऊन खाली गेले. खड्ड्यात दोघंजण, वर ताडपत्री धरून दोघं. पाणी उपसायचं, केबलची टोकं कोरडी करायची, आतले पदर एकेक करून सोलायचे, जोडायचे, वरून स्लीव्ह चढवून आगीने ती घट्ट बसवायची. ओल राहिली तर आठवड्यात पुन्हा जाते, म्हणून घाई करून चालत नाही. हे काम मी डोळ्यांनी पाहिलं. त्या माणसांच्या कामाबद्दल माझी शून्य तक्रार आहे, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

सकाळी ८.५० ला लाइट आली. ११ तास १० मिनिटं. "पुरवठा सुरळीत झाला आहे" हा मेसेज ९.२० ला आला.

मी २९ वर्षं शाळेच्या ऑफिसात काम केलं, शेवटची बारा वर्षं हेडक्लार्क म्हणून. परिपत्रक हातात आलं की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही सवय अंगात मुरलेली. पुढच्या आठवड्यात मी वीजग्राहकांचे नियम वाचायला घेतले. जे सापडलं ते सांगते, कारण आमच्या सोसायटीत ३२ घरं आहेत आणि एकालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

मूळ कायदा २००३ चा विद्युत अधिनियम. त्याचं कलम ५७ म्हणतं की वीज देणाऱ्याने सेवेचा किती दर्जा राखायचा ते राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवावं, आणि तो राखला नाही तर ज्याला झळ बसली त्या ग्राहकाला भरपाई द्यावी. कलम ५९ म्हणतं की असा दर्जा किती राखला, किती जणांना किती भरपाई दिली, हे कंपनीने आयोगाला कळवायचं आणि आयोगाने ते वर्षातून निदान एकदा प्रसिद्ध करायचं. आपला आयोग कफ परेडला, वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आहे. त्याने २०२१ साली वीजपुरवठा संहिता आणि कृतीच्या मानकांचे, म्हणजे सेवेच्या दर्जाचे, नवे विनियम काढले. बिघाड कोणता, फ्यूजचा, वरच्या तारेचा, जमिनीखालच्या केबलचा की ट्रान्सफॉर्मरचा, आणि जागा कोणती, मोठं शहर की खेडं, यावर पुरवठा किती तासांत परत यायला हवा ते ठरतं. पूर, वादळ, भूकंप अशा गोष्टींना सूट आहे.

पण माझं डोकं ज्या ओळीवर थांबलं ती वेगळ्या कागदात होती. केंद्र सरकारने ३१ डिसेंबर २०२० ला ग्राहकांच्या हक्कांचे नियम काढले. त्यात लिहिलंय की ठरवून लाइट बंद ठेवायची असेल तर ग्राहकाला आधी कळवायचं, आणि अचानक बिघाड झाला तर ताबडतोब मेसेजने किंवा तशाच दुसऱ्या मार्गाने कळवायचं, पुरवठा परत कधी येईल त्या अंदाजित वेळेसह.

अंदाजित वेळेसह. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. त्या वायरमनने मला हळू आवाजात, कुठे बोलू नका म्हणून जे सांगितलं, ते मला नियमाने, कंपनीच्या नावानिशी, मोबाइलवर मिळायला हवं होतं. त्याला भ्यावं लागायला नको होतं.

माझी भाची अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात राहते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडे पण झालंय हे. ४ ऑगस्ट २०२० ला तिथे इसायस नावाचं वादळ आलं, लाखो घरं कित्येक दिवस अंधारात होती, लोक फार चिडले. दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, राज्याने कायदा केला. ९६ तासांहून जास्त वीज गेली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला २५ डॉलरची सूट, आणि खराब झालेल्या अन्नाचे आणि औषधांचे २५० डॉलर. ९६ तासांनंतरची भरपाई माझ्या बाबांच्या काय उपयोगाची? पण औषधांचा उल्लेख कायद्यात आहे हे मला फार महत्त्वाचं वाटलं. आपल्याकडे भरपाई उशिराची मोजतात. त्या उशिरात घरात काय होतं, फ्रिजमधलं इन्सुलिन की उशाचा ऑक्सिजन, ते मोजत नाहीत.

त्याच ऑक्टोबरात, १२ तारखेला, मुंबईतही सकाळी दहाच्या सुमाराला सगळीकडची वीज गेली होती, आठवत असेल. लोकल जागच्या जागी थांबल्या, माणसं रुळांवरून चालत निघाली. बाहेरची वीज कोसळली तर मुंबईने स्वतःला वेगळं काढून ट्रॉम्बे, डहाणूच्या वीजकेंद्रांवर आणि टाटांच्या जलविद्युतवर चालत राहायचं, अशी व्यवस्था आहे. ती त्या दिवशी टिकली नाही. आयोगाने स्वतःहून त्याची दखल घेतली. पुढे खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची नवी लाइन २०२३ मध्ये सुरू झाली, मुंबईत बाहेरून जास्त वीज आणायला. हे सगळं हवंच, यात वादच नाही. तेव्हा बाबा धडधाकट होते, खुर्ची टाकून रेडिओ लावून बसले होते. बिघाड शहराचा असला की मंत्री बोलतात, चौकशी होते, लाइन पडते. तीन बिल्डिंगींचा असला की सगळा भार "लवकरच" वर येतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मुंबईत लाइट कमी जाते. माझी आत्या श्रीवर्धनजवळ राहायची. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ त्यांच्या वाडीवरून गेलं, नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. फोन चार्ज करायला माणसं दुसऱ्या गावी जात होती. त्यांच्यापुढे माझे अकरा तास काहीच नाहीत. पण तिलाही तेव्हा एकच हवं होतं. "कोणीतरी खरं सांगा गं, महिना का दोन," असं ती फोनवर म्हणायची. कळलं असतं तर ती माझ्याकडे येऊन राहिली असती. आज येईल, उद्या येईल करत ती तिथेच अंधारात बसून राहिली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी अर्ज दिला. भरपाईची मागणी केली नाही. दोनच मुद्दे लिहिले. एक, ९.४० ते ८.५० या वेळात मला अंदाजित वेळ का कळवली नाही. दोन, घरात ऑक्सिजनवरचा रुग्ण आहे, डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलंय, याची माझ्या ग्राहक क्रमांकावर कायमची नोंद करा. काउंटरवरच्या गृहस्थांनी पोच द्यायला टाळाटाळ केली. मी खुर्चीवर बसून राहिले, पोच घेऊनच उठले. कुणीही तक्रार देणार असेल तर एवढं एक ऐका, इनवर्डचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. त्यात केबल फॉल्ट होता, पाऊस होता, अमुक वाजता पुरवठा सुरळीत केला, असुविधेबद्दल दिलगीर आहोत. माझ्या दोन्ही प्रश्नांबद्दल एक शब्द नाही.

मग मी ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे गेले. कायद्याने प्रत्येक वीजकंपनीला असा मंच ठेवावाच लागतो. वकील लागत नाही. अर्जाचा नमुना ठरलेला आहे, त्यात सगळं क्रमाने लिहायचं. ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि तो पटला नाही तर त्यापुढच्या ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे जाता येतं, मुंबईचं त्यांचं ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे.

सुनावणीच्या दिवशी बाबांजवळ शेजारच्या वहिनी बसल्या. मी माझी जुनी ऑफिसची फाइल, टॅग लावून, पानांवर क्रमांक घालून नेली. समोर मंचाचे सदस्य, त्यांत ग्राहकांच्या बाजूच्या एक बाई. कंपनीचे अधिकारी म्हणाले की फॉल्ट सापडेपर्यंत वेळ सांगता येत नाही, चुकीची वेळ सांगितली तर लोक जास्त चिडतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मी उभी राहून म्हटलं, "साहेब, अंदाज चुकला तर मी चिडणार नाही. तुमच्या माणसाने साडेदहाला पिलर उघडून बघितला तेव्हाच त्याला कळलं की हे सकाळपर्यंतचं काम आहे. ते ऑफिसला कळलं असेलच. मग १०.४० ला मला दुसरा मेसेज का आला नाही? केबल फॉल्ट, सकाळपर्यंत वेळ लागेल, एवढं लिहायला काय लागतं?" त्या वायरमनचं नाव मला ठाऊक नव्हतं. असतं तरी सांगितलं नसतं.

ग्राहकांच्या बाजूच्या बाईंनी अधिकाऱ्यांना विचारलं, पहिल्या पथकाने बिघाडाचा प्रकार कळवला त्याची वेळ नोंदवहीत आहे का? होती. १०.४८.

निकाल मुदतीत आला. बिघाडाचा प्रकार कळल्यावर ग्राहकाला अंदाजित वेळेचा सुधारित मेसेज पाठवावा, आणि माझ्या ग्राहक क्रमांकावर वैद्यकीय उपकरणाची नोंद करावी, असे दोन आदेश. कागद घरी आणला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचून घेतला. १०.४८ ची वेळ वाचली की मान हलवायचे. "नोंदवही चोख ठेवलीय," म्हणाले. त्यांना त्याचं जास्त कौतुक.

त्यानंतर दोनदा लाइट गेली. दिवाळीनंतर एकदा, संध्याकाळी ७.०५ ला. १५ मिनिटांत मेसेज आला: ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड, अंदाजे रात्री ९.३० पर्यंत. फोनही आला, मशीन चालू आहे ना, किती वेळ पुरेल, म्हणून विचारायला. लाइट ९.१० ला आली. मी ते दोन तास स्वस्थ बसून काढले, बाबांना कांद्याची थालीपीठं गरम गरम करून वाढली. सेवा अशी असते. दुसऱ्यांदा, एप्रिलमध्ये, पहाटे ४ ला गेली. मेसेज आला, लवकरच. फोन आला नाही. पावणेदोन तासांनी आली.

तेव्हा पाचपैकी किती, असं विचारलं तर मला एक आकडा देता येत नाही. खड्ड्यात उतरणाऱ्या माणसांना पाच. फोनवरच्या मुलीला तीन, तिला कुणी काही कळवलंच नाही तर ती काय सांगणार. मेसेज पाठवणाऱ्या व्यवस्थेला जूनमध्ये शून्य, नोव्हेंबरात पाच, एप्रिलमध्ये पुन्हा शून्य. तक्रार कक्षाला एक, तोही पोच मिळाली म्हणून. मंचाला चार. एक कापला, कारण ऑक्सिजनवरच्या रुग्णाची नोंद करायला माझ्यासारखीला फाइल घेऊन दोन बसा बदलाव्या लागल्या. ब्रिटनमध्ये अशा घरांची वीजकंपन्यांकडे यादीच असते, फॉर्म भरला की झालं. इथे प्रत्येकाने मंचापर्यंत का जावं? आमच्याच गल्लीत आणखी एक आजी ऑक्सिजनवर आहेत, त्यांच्या मुलाला माझ्या अर्जाची प्रत दिली आहे. त्याने ती अजून भरलेली नाही, सुट्टी मिळत नाही म्हणतो. येत्या शनिवारी मीच त्याच्याकडे जाऊन लिहून घेणार आहे.

गेल्या महिन्यात कंपनीने आमच्या मीटर केबिनमधले जुने मीटर काढून नवे स्मार्ट मीटर बसवले. लाइट गेली की हा मीटर स्वतःच कळवतो, असं बसवायला आलेला मुलगा सांगत होता. मी त्याला विचारलं, जुन्या मीटरबरोबर आमची वैद्यकीय नोंद गेली की राहिली? त्याला ठाऊक नव्हतं. अर्ज लिहून ठेवलाय, आदेशाची प्रत जोडलीय. सोमवारी काउंटर उघडला की पोच घ्यायला जाणार आहे.